कलाशाखेत कला कुठे आहे?

बारावीचे निकाल लागले की मराठी मध्यमवर्गीय घरांतून एक जुना घोटाळा नव्याने सुरू होतो. मुलगी म्हणते, कला शिकायची आहे. वडील समाधानाने उत्तरतात, "मग घे की कलाशाखा!" मराठीत इतिहास, अर्थशास्त्र आणि वाङ्मय यांच्या वर्गाला कलाशाखा म्हणतात, आणि जेथे खरोखरच रंग कालवावे लागतात, माती मळावी लागते, तेथील शिक्षणासाठी 'ड्रॉइंगचा कोर्स' एवढाच शब्द घरात शिल्लक राहतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा व त्यांमुळे शालान्त परीक्षेत मिळणारे वाढीव गुण, येथेच बहुतेक कुटुंबांचा कलाशिक्षणाशी असलेला परिचय संपतो.

त्यापुढे गेलेल्या विद्यार्थ्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. चित्र काढावयास शिकायचे, की चित्राविषयी शिकायचे? पहिल्या वाटेवर चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला अशा शाखा आहेत. त्यांतील उपयोजित कला पालकांना लवकर पटते, कारण तिच्या शेवटी जाहिरातसंस्थेतील पगार दिसतो. कलेचा इतिहास हीदेखील पदवीची स्वतंत्र वाट असू शकते, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.

महाराष्ट्रात तरी याला कारण आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे हात घडविणारे विद्यालय होते. दीर्घकाळ तेथे शासकीय पदविका मिळत असे. मुंबई विद्यापीठाशी ते १९८१ मध्ये जोडले गेले आणि २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या प्रदीर्घ वाटचालीत कलेचा इतिहास हा बहुतांशी प्रात्यक्षिकाला जोडलेला विषय राहिला. परीक्षेच्या आधी चार दिवस टिपणे पाठ करावीत, असा त्याचा मान! वस्तुतः याच विद्यालयाच्या आरंभीच्या इतिहासात याउलट उदाहरण आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. लेण्यातील अपुऱ्या उजेडात पुसट झालेली रेषा पुन्हा आखताना हात शिकत होता, तसाच डोळाही. पुढे लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याच प्रतिकृती जळाल्या, हे दुर्दैव निराळे.

बडोद्याने ही दोन अंगे एका छपराखाली आणण्याचा प्रयत्न जाणीवपूर्वक केला. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी यांच्यासारखे कलावंत अध्यापक तेथे आले. चित्र व शिल्प यांच्या शेजारी कलेतिहास व सौंदर्यशास्त्र यांचा विभाग उभा राहिला. वस्तुसंग्रहालयशास्त्रही तेथेच आले. गुलाममोहम्मद शेख हे स्वतः चित्रकार. त्यांनी तेथे अनेक वर्षे कलेचा इतिहास शिकविला. इतिहास शिकविणाऱ्याच्या नखांत रंग असणे आणि रंगविणाऱ्याच्या टेबलावर ग्रंथ असणे, ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेपेक्षा अधिक शिकवून जाते.

कचेरीत आकडे मांडणाऱ्यांनी भूपेन खक्कर यांची कथा अवश्य ध्यानात ठेवावी. मुंबईचे हे सनदी लेखापाल वयाची पंचविशी उलटल्यावर, १९६२ च्या सुमारास, बडोद्यास गेले. प्रात्यक्षिकाचे रीतसर शिक्षण नसल्याने त्यांनी प्रवेश घेतला तो कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. पुढे हिशेब तपासण्याचे अर्धवेळ काम करीत त्यांनी चित्रे काढली आणि भारतीय चित्रकलेत न्हावी, घड्याळजी यांना मानाचे स्थान दिले. अर्थात, हा अपवाद आहे. हाताची सवय तरुणपणी लागते, आणि तिशीत मानवाकृती अभ्यासावयास बसणारा क्वचितच पुढे जातो. कलेच्या इतिहासाचे तसे नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कला व सौंदर्यशास्त्राच्या एम. ए.ला अन्य विषयांचे पदवीधरही येतात. म्हणून अठराव्या वर्षी मन दोलायमान असेल, तर प्रात्यक्षिक शाखा घेणे व इतिहास पुढच्या पदवीसाठी राखणे, हा क्रम अधिक सुरक्षित. उलट क्रम फार थोड्यांना साधतो.

ज्याचे मन दोलायमान नाही, ज्याला चित्रापुढे उभे राहिल्यावर काढण्यापेक्षा विचारण्याचीच ओढ वाटते, त्याला मात्र बळेच कुंचला देऊ नये. त्याच्यासाठी संग्रहालये, कलादालने, प्रकाशनसंस्था आणि अध्यापन ही क्षेत्रे आहेत. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील दृश्यकला या विषयात प्रात्यक्षिक शाखांबरोबर कलेचा इतिहासही येतो. जागा थोड्या आहेत, हे लपवून उपयोग नाही.

तालुक्याच्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण वेगळीच असते. सामायिक प्रवेश परीक्षेतील वस्तुचित्र व स्मरणचित्र तो सहज पार पाडतो, आणि इतिहासाच्या तासाला इंग्रजी ग्रंथांपुढे अडखळतो. मग चार वर्षे तो बोलतच नाही. मराठीत वाचण्याजोगे काही नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' १९४० चे, प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' १९९० चे. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादिलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ मध्ये निघाला. शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी ही तीन पुस्तके ग्रंथालयात मागविली, तरी पहिल्या वर्षाचे अर्धे भय जाईल.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला जावे. भिंतीवरील चित्रे पाहावीत, पण त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याशीही बोलावे. त्याने अखेरचे कोणते संग्रहालय पाहिले, अजिंठ्याला वर्ग गेला होता काय, निबंध कोण तपासतो, हे विचारावे. मग ग्रंथालयात डोकवावे. तेथे मोठी चित्रग्रंथांची कपाटे असतात. ती काचेची आहेत की नाहीत याला महत्त्व नाही. किल्ली कोणाकडे असते आणि ती विद्यार्थ्यासाठी किती वेळा फिरते, तेवढे पाहून यावे.