ऑइल गळतंय म्हणून लगेच इंजिन उतरवायचं का?

दारात अजून मारुती ८०० उभी आहे असे इथं किती जण आहेत? हात वर करा बघू. बरेच आहात की! ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. तिच्याखाली फरशीवर काळा डाग पडला तर नवल नाही.

माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये सांगितलं, 'इंजिन खोलावं लागेल.' खर्च ऐकून गाडी विकायचंच मनात आलं. मग उद्यमनगरातल्या एका जुन्या फिटरकडं गेलो. त्यांनी पान्हा घेतला नाही, आधी फडकं मागितलं.

कारण साधं आहे. ऑइल वरून खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागं पसरतं. थेंब चेंबरवरून पडला म्हणजे चेंबरच गळतंय असं नव्हे. म्हणून इंजिन गार असताना पुसून कोरडं करा. संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर मारा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बघा. सर्वांत वरची ओली जागा कोणती, तिथून गळती सुरू होते.

बहुतेक वेळा ती जागा टॅपेट कव्हरची निघते. त्याचं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक होतं. नवं बसवताना दोन्ही बाजू स्वच्छ खरवडा आणि नट थोडेथोडे, सारखे आवळा. जोर लावला की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. त्यानंतर ऑइल फिल्टर, प्रेशर स्विच आणि ड्रेन नट तपासा.

माझं पॅकिंग दोनदा बदललं, तरी गळती थांबेना. दोष ब्रीदर पाइपात होता. रिंगांमधून थोडा वायू खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला ही वाट असते. ती चिकट गाळानं तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथं फट मिळेल तिथून बाहेर येतं. पाइप साफ केला, गळती थांबली. इंजिन खोलावं लागलं नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून गळत असेल तर मात्र मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गळती अगदी किरकोळ असेल तर दर आठवड्याला पट्टी बघून ऑइल भरा आणि क्लचच्या कामाबरोबर सीलही बदलून घ्या. गळती लपवायला जाड ऑइल घालू नका. माहितीपुस्तकातली ग्रेडच वापरा.

पण दोन बाबतींत थांबायचं नाही. तापलेल्या सायलेन्सर पाइपावर ऑइल पडून जळका वास येत असेल तर आगीचा धोका आहे. आणि गगनबावड्याच्या घाटात ऑइलचा लाल दिवा लागला तर 'वर पोचून बघू' म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा. ऑइलविना बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. मग खरंच इंजिन उतरवावं लागतं.

शेवटचं सांगतो, काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. ते जयंती नाल्यातून पंचगंगेलाच जातं. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडं द्या.

आता विचारा प्रश्न.