ओढ आणि रेटा

गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि बंद गाडीत ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ते दगडासारखं घट्ट होतं. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली आपसूक थोडं खाली जातं. मला गाडीतला हा सगळ्यात सुंदर क्षण वाटतो, कारण तेव्हा तुमच्या पायाच्या मदतीला आलेली असते ती भोवतालची साधी हवा.

पेडलच्या पुढे, बोनेटखाली, पत्र्याचा एक चपटा गोल डबा असतो. हा ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि इंजिनकडे जाणारी एक जाड नळी डब्यातली हवा ओढून घेते. पेडल दाबलं की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते, पुढच्या बाजूला ओढ तशीच राहते. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलोच्या जोराने दाबत असते. पडदा 9 इंची असेल तर क्षेत्रफळ झालं सुमारे 400 चौरस सेंटिमीटर. दोन बाजूंत दोन तृतीयांश दाबाचा फरक पडला, तरी 250 किलोंच्या वर जोर मिळतो! सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा उपसली, तेव्हा घोडे जुंपूनही ते सुटेनात. तोच जोर आपण रोज सिग्नलला वापरतो.

ही ओढ येते कुठून? शहाळ्यातली स्ट्रॉ बोटांनी चिमटून पाणी ओढून पाहा, गाल आत जातात. पेट्रोल इंजिनाचं आयडलिंगला हेच होतं. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळपास बंद असतो, आणि चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवरही सेकंदाला सव्वीस-सत्तावीस घोट घेत असतं. त्यामुळे थ्रॉटलमागच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, हवा विरळ होते. डिझेल इंजिनात अशी ओढ तयार होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो.

आता या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडा. ॲक्सिलरेटर दाबला की एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारं चिमुकलं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि हवा कोंबू लागतं. क्षणापूर्वी ओढणारा मॅनिफोल्ड आता फुंकर मारतो, कधी बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाबाने. त्याला जोडलेल्या प्रत्येक नळीत वारा उलटा फिरू पाहतो. ब्रेकच्या नळीत तो फिरत नाही, कारण तिच्यात अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. कधी सुटा मिळाला तर तोंडाने फुंकून पाहावा. एका बाजूने फुंकर सरळ पार जाते, दुसऱ्या बाजूने गाल फुगतात आणि आत काहीच हलत नाही.

ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटात साचणारा वायू बाहेर काढणाऱ्या नळ्यांचं काम मला याहून नाजूक वाटतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा तरी त्यांच्या फटीतून खाली, ऑइलच्या खोलीत उतरतोच. तो कोंडला तर ऑइल सील बाहेर ढकलले जातील. गॅरेजमधला मिस्त्री डिपस्टिक ओढून धूर बघतो आणि ‘बॅक कॉम्प्रेशन येतंय’ म्हणतो, ते याच वायूबद्दल. पूर्वी तो एका उघड्या पाइपाने खाली रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याशी झगडणाऱ्या कॅलिफोर्नियाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तो परत इंजिनातच जाळण्याचा आग्रह धरला.

टर्बोच्या गाडीत या वायूला दोन दारं लागतात. आयडलिंगला तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. टर्बो भरात आला की ते दार मिटतं, आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो, जिथे टर्बो स्वतः हवा ओढत असल्यामुळे हलकी ओढ असतेच. ही अदलाबदल दिवसातून शेकडो वेळा होते आणि तिला ना तार लागते ना कॉम्प्युटर. दाब बदलला की दार आपलं आपण हलतं.

म्हणून या नळ्या बोटांनी चाचपून पाहाव्यात, इंजिन गार असताना. रबर उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने कडक होतं, आणि वाकवलं की क्लिपपाशी केसासारखी चीर उघडते. मॅनिफोल्डजवळच्या अशा चिरेतून आयडलिंगला हवा आत शिरते. ती सेन्सरने मोजलेली नसते, त्यामुळे इंजिन थरथरतं. टर्बो जोरात असताना त्याच चिरेतून मोजलेली हवा बाहेर निसटते आणि गाडी चढाला दम टाकते. अनुभवी मिस्त्री रबरी पाइपाचं एक टोक कानाशी धरतो, दुसरं नळ्यांवरून सावकाश फिरवतो, आणि बारीक सीत्कार आला की तिथेच थांबतो.

अनेक टर्बोंवर एक बोरूएवढी नळी दिसते. तिच्यातून हवा जवळजवळ वाहतच नाही. तिचं दुसरं टोक एका डबीत बंद असतं, म्हणून ती फक्त दाब पोहोचवते. दाब वाढला की डबीतला पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकतो, एक दांडी ढकलली जाते आणि एक्झॉस्टचं बगलेचं दार उघडून टर्बोचा वेग आवरला जातो. ही नळी निसटली तर डबीला काही कळतच नाही, आणि टर्बो हवा कोंबतच राहतो.