कॅटेगरी : आरोप की हक्क?

आमच्या नांदगावात प्रवेश-अर्ज भरताना मुले ‘कॅटेगरी’ हा शब्द दबक्या आवाजात उच्चारतात. म्हणून त्याचे मूळ सांगतो. ग्रीकमध्ये ‘काता’ म्हणजे विरुद्ध, ‘अगोरा’ म्हणजे जनसभा. चारचौघांत ठेवलेला आरोप तो ‘कातेगोरिया’. ॲरिस्टॉटलने तो तर्कशास्त्रात नेला : वस्तूविषयी जे जे म्हणता येते, त्याचे प्रकार. पुढे इंग्रजीत आरोप गळाला, वर्ग उरला.

आपल्याकडे मात्र जातीचे नाव हाच आरोप, आणि तोही न केलेल्या गुन्ह्याचा! १९३६ च्या आदेशाने अस्पृश्य जातींची अनुसूची झाली, १९५० साली ती राज्यघटनेनुसार नव्याने निघाली, आणि ज्या नावाने हिणवले त्याच नावावर हक्क मागता येऊ लागला. पण १९५६ साली बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. गावाने त्यांची वस्ती वेशीबाहेरच ठेवली होती.