मार्च महिना, ३१ रोबोट! मोबाईलवरून चित्रकारांच्या मेळ्यात सामील कसं व्हायचं? समजून घ्या

मार्च महिना म्हटलं की आपल्याकडे गव्हाची काढणी, दहावीचे पेपर आणि सोसायटीची वसुली. पण याच महिन्यात वेगवेगळ्या देशांतले चित्रकार एक गमतीचं काम करत असतात. रोज एक रोबोट काढायचा, त्याचा फोटो इंटरनेटवर टाकायचा आणि दुसऱ्यांचे रोबोट बघायचे. या उपक्रमाचं नाव 'मार्च ऑफ रोबोट्स'. मार्च म्हणजे महिना आणि मार्च म्हणजे संचलनही. म्हणजेच रोबोटांचं संचलन!

तुमच्या घरात वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढणारं कुणी असेल, तर ही माहिती त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात कुठून झाली?

अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये 'इंकटोबर' सुरू केलं. ऑक्टोबर महिन्यात रोज शाईने एक चित्र काढायचं, एवढाच नियम. आपला हात सुधारावा म्हणून त्यांनी हे स्वतःपुरतं सुरू केलं होतं. पुढे जगभरचे लोक त्यात आले. त्याच धर्तीवर 'चॉकलेट सूप' या नावाने काम करणारे चित्रकार डाकोस्टा बेली यांनी मार्च महिना रोबोटांना दिला.

प्रत्येक दिवसासाठी एक विषय सुचवलेला असतो. तो घ्यायचा किंवा मनाने काढायचं. चित्र टाकताना खाली हॅशटॅग द्यायचा. हॅशटॅग म्हणजे # या खुणेपुढे लिहिलेला शब्द. त्यावर बोट ठेवलं की तोच शब्द वापरलेली सगळी चित्रं एका जागी दिसतात. जत्रेत एकाच रांगेत सगळी खेळण्यांची दुकानं लागावीत, तसं.

रोबोटच का?

माणूस किंवा बैल काढला की बघणारा लगेच म्हणतो, "पाय आखूड झाला." रोबोटचं तसं नाही. त्याला तीन पाय असोत की डोक्यावर पंखा, चुकला असं कुणी म्हणू शकत नाही. चौकोन, गोल आणि नळी काढता आली की रोबोट तयार. त्यामुळे नवशिक्या पोरगा आणि मुरलेला चित्रकार एकाच रांगेत बसू शकतात.

मुळात 'रोबोट' हा शब्दच एका चित्रकाराने सुचवलाय. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० मध्ये 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं. त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावं, हे सुचेना. त्यांचा भाऊ योसेफ चित्रकार होता. रंगकाम करता करता त्याने हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावं लागणारं काम. आपल्या भाषेत सांगायचं तर वेठबिगारी! आणि गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, दिसायला माणसासारखे होते. म्हणजे रोबोट असाच दिसला पाहिजे, हे तेव्हापासूनच ठरलेलं नाही.

कोरियात जन्मलेले कलाकार नाम जून पाईक यांनी तर १९८६ मध्ये जुन्या रेडिओ-टीव्हीच्या पेट्यांतून रोबोटांचं आख्खं कुटुंबच उभं केलं. त्यात आजी-आजोबासुद्धा होते.

मग आपला रोबोट कसा असेल? मोटारीच्या स्टार्टरची पेटी म्हणजे तोंड, लाल-हिरवी बटणं म्हणजे डोळे. पाठीवरचा फवारणी पंप म्हणजे धड. कडबाकुट्टीचं चाक म्हणजे पोट. परदेशातल्या चित्रकाराने कडबाकुट्टी बघितलेली नसते. तुमच्या चित्रात त्याला नवीन काय दिसेल, तर हेच.

गावात गट कसा करायचा?

एकट्याने सुरुवात केली की चार-पाच दिवसांत कंटाळा येतो. म्हणून आधी आठ-दहा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. नियम तीनच ठेवा:

१. रोज स्वतः काढलेलं एकच चित्र. फॉरवर्ड, गुड मॉर्निंग बंद.

२. रोज दुसऱ्या एकाच्या चित्रावर एक वाक्य. नुसतं "छान" किंवा अंगठा नको. "हाताचा सांधा मस्त जमलाय, पण पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत," असं नेमकं लिहा.

३. एखादा दिवस चुकला तर दंड नाही, टोमणे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. नुसते आकडे बघणारा माणूस लाइक कमी झाले की सोडून देतो. पण आपलं चित्र कुणीतरी नीट बघितलंय हे कळलं, की माणूस उद्याही काढतो. मोठे गट असोत की छोटे, टिकतात ते याच सवयीवर.

फोटोसाठी महागडा मोबाईल लागत नाही. दिवसा दाराजवळच्या सावलीत कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल बरोबर वरून सरळ धरा आणि आजूबाजूची चटई-सतरंजी कापून टाका. कोपऱ्यात सही आणि तारीख असू द्या.

मशीनने काढलेलं चित्र चालेल का?

आता दोन शब्द टाइप केले की एआय चित्र काढून देतं. यावरून कलाकारांत मोठं भांडण झालंय. डेव्हियंटआर्ट ही चित्रकारांची २००० सालापासूनची वेबसाइट. तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये चित्र बनवणारं एआय आणलं, तेव्हा आपली चित्रं न विचारता वापरली जातील म्हणून सदस्य संतापले. मग कंपनीला नियम बदलावा लागला. पुढच्याच महिन्यात आर्टस्टेशन या वेबसाइटवर कलाकारांनी एआयविरोधी चित्रांचा पाऊस पाडला.

तुमच्या ग्रुपमध्ये हे पहिल्याच दिवशी ठरवा. हात सुधारण्यासाठी जमलो असू, तर मशीनकडून काढून घेतलेला रोबोट टाकण्यात काय अर्थ? वेठीचं काम रोबोटला सांगावं, आवडीचं आपण करावं.

सावध कुठे राहायचं?

चित्रं दिसायला लागली की अनोळखी मेसेज येतात. "तुमचं चित्र लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा," असं कुणी म्हटलं तर ती फसवणूक समजा. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. ओटीपी कुणालाच सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्रावर हक्क तुमचाच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. हाच न्याय दुसऱ्याच्या चित्रालाही लागतो. बघून काढलं असेल तर मूळ चित्रकाराचं नाव लिहा.

इन्स्टाग्रामवर खातं काढायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान मुलांची चित्रं घरच्यांनी आपल्या खात्यावरून टाकावीत. मुलाचा, शाळेचा किंवा घराचा पत्ता त्यात येऊ देऊ नका.

दहावी-बारावीवाल्यांनी मार्चची वाट बघायची गरज नाही. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये सुरू करा, महिना कुठलाही चालतो. ३१ पैकी १२ च रोबोट झाले तरी पहिला आणि बारावा शेजारी ठेवून बघा. हात कुठे सुधारला, ते तुम्हालाच दिसेल.