कुंभकोणम् दुर्घटना आणि सुरक्षित शाळेचा हक्क

शाळेच्या सुरक्षिततेचा विचार प्रायः बाहेरून येणाऱ्या धोक्यापुरता मर्यादित राहतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम ३२९ नुसार फौजदारीपात्र अतिक्रमण हा गुन्हा आहे. तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीने शाळेस कुंपण वा संरक्षक भिंत आवश्यक ठरविली आहे. तथापि, भिंतीच्या आतील धोक्याचे काय, हा प्रश्न तामिळनाडूतील कुंभकोणम् येथील दुर्घटनेने उपस्थित केला.

१६ जुलै २००४ रोजी तेथील एका खासगी शाळेत मध्यान्ह भोजन शिजविण्याच्या जागेत आग लागली. ती वर्गाच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली व ९४ बालके मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या आणि जिना अरुंद होता. दुर्घटनेनंतर राज्य शासनाने शाळांवरील अशी छपरे काढण्याचे आदेश दिले. २०१४ मध्ये तंजावर येथील न्यायालयाने १० जणांना दोषी ठरविले. त्यांत संस्थाचालकांबरोबर शिक्षण खात्यातील अधिकारीही होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी अनेकांच्या शिक्षा रद्द वा कमी केल्या.

न्यायालयीन भूमिका

अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार (२००९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम २१ व २१-अ अन्वये मिळणाऱ्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. राष्ट्रीय इमारत संहिता, २००५ मधील सुरक्षा निकषांचे पालन, अग्निशामक साधने व शिक्षकांचे प्रशिक्षण यांविषयी निर्देशही दिले.

अंमलबजावणीतील उणिवा

अर्थशास्त्रीय दृष्टीने हे माहितीच्या असमानतेचे उदाहरण होय. पालकास शुल्क व निकाल दिसतात; जिन्याची रुंदी वा आपत्कालीन मार्ग दिसत नाही. सुरक्षेवरील खर्च टाळणारी संस्था म्हणूनच स्पर्धेत स्वस्त ठरते. ही उणीव बाजारपेठ नव्हे, तर तपासणी यंत्रणाच भरून काढू शकते. परंतु इमारत संहिता मूलतः मार्गदर्शक स्वरूपाची असून राज्याच्या वा स्थानिक नियमांत समाविष्ट झाल्यावरच ती बंधनकारक होते. अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येते, तर शाळेस मान्यता शिक्षण खाते देते. परिणामी जबाबदारी विभागली जाते. शिवाय शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी असल्याने अंगणवाड्या, बालवाड्या व पाळणाघरे बहुतांशी त्याच्या निकषांबाहेर राहतात. वस्तुतः संकटसमयी स्वतःहून बाहेर पडण्यास सर्वांत असमर्थ बालके तेथेच असतात.

मान्यतेचे नूतनीकरण प्रत्यक्ष पाहणीशी जोडणे आणि पाहणीचा अहवाल पालकांसाठी खुला ठेवणे, हे या दिशेने आवश्यक पाऊल ठरेल.