बोट लागणें आणि बुडीनंतरचा थकवा



गाडी लागणें आणि बोट लागणें हे दोन शब्दप्रयोग आपल्या भाषेंत इतके रुळलेले आहेत कीं, त्यांचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें कोकणांत जाणाऱ्या पिढ्यांना त्या दुसऱ्या प्रयोगाचा अनुभव पुरेपूर होता. त्या आगबोटी बंद पडल्या. बोट लागणें मात्र बंद पडलें नाहीं. पाठीवर हवेचें सिलिंडर बांधून समुद्रांत बुडी मारावयाची, ज्यास स्कूबा म्हणतात, ती हौस आतां आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांतही आली आहे. मालवण-तारकर्लीस, गोव्यास, किंवा कर्नाटकांत मुरुडेश्वरापासून सुमारें 19 किलोमीटर आंत असलेल्या नेत्राणी बेटाकडे आपलीं मुलें, सुना, जांवई जातात. परत आल्यावर माशांच्या व प्रवाळांच्या गोष्टी रंगवून सांगतात. परंतु येतां-जातां पोटांत कसें ढवळलें, आणि दुसरे दिवशीं अंग कसें मोडून आलें, हें पुष्कळदां मनांतच ठेवितात. आजचें भाषण त्या न सांगितलेल्या भागाविषयीं आहे.

प्रथम बोट कां लागते तें पाहूं. या व्याधीचें मूळ पोटांत नसून कानांत आहे. प्रत्येक कानाच्या अंतर्भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. त्यांच्या शेजारीं चुन्याचे सूक्ष्म कण असलेल्या दोन पिशव्या असतात. डोकें वळलें कीं नलिकांतील द्रव हलतो, शरीर वरखालीं झालें कीं ते कण सरकतात, आणि तें वर्तमान मेंदूस कळतें. आतां बोटीच्या खोलींत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, "सर्व स्थिर आहे". कान सांगतात, "आपण हिंदकळत आहों". वर्गांतील दोन मुलांनीं एकाच भांडणाचीं दोन निराळीं वृत्तें सांगावीं आणि मास्तर गोंधळून जावा, तशी मेंदूची अवस्था होते. जांभया, घाम, चेहऱ्याचा फिकेपणा, तोंडास सुटणारें पाणी आणि अखेर ओकारी, हा क्रम तेथून सुरू होतो. ज्यांचें अंतःकर्णाचें हें यंत्रच निकामी झालेलें असतें त्यांना बोट लागत नाहीं. अमेरिकन तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स यानें 1882 सालींच असें दाखवून दिलें होतें कीं, बहिऱ्या-मुक्या माणसांपैकीं अनेकांना गरगर फिरविलें तरी चक्कर येत नाहीं.

सर्वच हेलकावे सारखे बाधत नाहींत. साधारण पांच सेकंदांस एक या संथ गतीनें वरखालीं होणें सर्वांत वाईट. आणि लहान बोट नांगरून उभी असतां बहुधा अशीच डोलते. म्हणूनच धांवत्या बोटींत बरा असलेला मनुष्य, बोट बेटाजवळ थांबून इतर मंडळी सामान चढवूं लागली, कीं एकाएकीं हिरवा-पिवळा पडतो.

यांत भित्रेपणाचा संबंध नाहीं, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. इंग्रजांचा प्रख्यात आरमारी सेनापति नेल्सन यास जन्मभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 पर्यंत 'बीगल' गलबतावर होता व त्या सबंध प्रवासांत त्यास हा त्रास झाला. दोन वर्षांखालील तान्ह्या मुलांना ही बाधा क्वचित होते; दोन ते बारा वर्षांच्या मुलांना ती अधिक होते. दीर्घ प्रवासांत दोन-तीन दिवसांनीं शरीर सरावतें खरें. परंतु अर्ध्या दिवसाच्या सहलींत तेवढा अवकाशच मिळत नाहीं. सबब तयारी आधींच केली पाहिजे.

ती तयारी आदल्या रात्रीं सुरू होते. झोंप पुरी घ्यावी. मद्य वर्ज्य करावें. सकाळीं उपाशीं निघूं नये, तसेंच तळलेलें व मसालेदारही खाऊं नये. पेज, इडली, केळें, एखादी सुकी भाकरी असा हलका आहार दोन तास आधीं घ्यावा. पाणी थोडें थोडें पीत राहावें. आल्याची वडी ही आपल्या घरांतील जुनी युक्ति अगदींच पोकळ नाहीं. 1988 सालीं डेन्मार्कमध्यें 80 नौदल-छात्रांवर केलेल्या परीक्षेंत आल्याच्या चूर्णानें ओकाऱ्या व घाम कमी झाल्याचें आढळलें. मळमळीवर मात्र त्याचा परिणाम तितका निश्चित दिसला नाहीं.

औषधांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1947 सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईस डॉक्टरांनीं एक नवें औषध दिलें. पित्ताचें कांहींही होवो, ट्रॅममध्यें बसल्यावर तिला नेहमीं होणारी मळमळ मात्र थांबली! पुढें 1948 सालीं सैनिकांना घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर त्याची परीक्षा झाली व तें गुणकारी ठरलें. तें औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. आज सिनारिझीन, मेक्लिझीन, प्रोमेथाझीन हींही वापरांत आहेत. यांविषयीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणें बहुधा फुकट जातें. ती बोटींत चढण्यापूर्वीं एक-दोन तास घ्यावयाची असते. दुसरी, हीं औषधें कमीअधिक झोंप आणतात, आणि पेंगुळलेल्या मनुष्यानें पाण्याखालीं जाणें धोक्याचें आहे. यास्तव गोळी कशी मानवते तें आधीं एखाद्या सुटीच्या दिवशीं घरीं पाहून घ्यावें. तिसरी, कांचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा विकार असलेल्यांनीं, गर्भवतींनीं, व मुलांकरितां पालकांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून तीं घेऊं नयेत. दुसरे कोणतेही औषध चालू असेल तर बुडी मारविणाऱ्या शिक्षकासही तें सांगावें.

बोटींत चढल्यावर बसावयाची जागा मध्यभागीं, खालच्या बाजूस, इंजिनाच्या धुरापासून दूर निवडावी. नाळेवर सर्वांत जास्त उसळी असते. नजर क्षितिजावर किंवा दूरच्या किनाऱ्यावर ठेवावी, म्हणजे डोळे व कान एकच साक्ष देऊं लागतात. मोबाईल खिशांत असूं द्यावा. सिलिंडर जोडणें, पट्टे आंवळणें हीं खालीं मान घालून करावयाचीं कामें बंदरांतच उरकून घ्यावीं. पोहण्याचा रबरी पोशाख मात्र उन्हांत तासभर आधींच चढवूं नये. उकाड्यानें मळमळ वाढते. ओकारी आलीच तर ती दाबूं नये. वारा ज्या दिशेस जात असेल त्या बाजूच्या कठड्याशीं जावें, आणि कोणी तरी मागून धरून ठेवावें.

पुष्कळांस असें वाटतें कीं पाण्यांत उतरलें कीं बरें वाटेल. तें बऱ्याच अंशीं खरें आहे. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्यानें कमी होते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती वरच्या मानानें सुमारें पंचविसावा हिस्सा उरते. म्हणजे दोन लाटांच्या माथ्यांतील अंतर 25 मीटर असेल तर 12 मीटरांवर जवळजवळ शांतता असते. परंतु पृष्ठभागावर तरंगत राहणें बोटीपेक्षांही वाईट. मळमळ किंचित् असेल तर शिक्षकाच्या अनुमतीनें लौकर खालीं जाणें हितकर. पण जो वारंवार ओकला आहे त्यानें त्या दिवशीं बुडी मारूं नये. त्याच्या शरीरांतील पाणी घटलेलें असतें, हातपाय गळालेले असतात, आणि बुद्धीही जागेवर नसते. पाण्याखालीं उलटी झालीच तर तोंडांतील श्वासनळी काढूं नये. ती हातानें घट्ट धरून तिच्यांतूनच उलटी होऊं द्यावी, मग तिचें बटण दाबून ती स्वच्छ करावी, आणि श्वास कधींही रोधूं नये. श्वासनळी काढली असतां पुढचा आचका पाणी आंत ओढतो.

आतां थकव्याकडे वळूं. पहांटे उठणें, ऊन, इंजिनाचा आवाज, सुमारें 15 किलोचें सिलिंडर, प्रवाहाविरुद्ध पोहणें, हीं कारणें उघड आहेत. कांहीं छुपीं आहेत. पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीसपट वेगानें शरीराची उष्णता वाहून नेतें. म्हणून 27 अंशांच्या सुखद पाण्यांतही देह निवत जातो. पाण्यांत असतांना लघवी अधिक होते, आणि सिलिंडरांतील हवा कोरडी असते. दोहोंमुळें अंगांतील पाणी कमी होतें. शिवाय नुसत्या हेलकाव्यांनींही, मळमळ न होतां, एक प्रकारची गुंगी येते. उपाय साधे आहेत: बाहेर येतांच अंग पुसून वाऱ्यापासून आडोसा, पाणी किंवा शहाळें, हलकें खाणें, आणि दोन बुड्यांच्या मध्यें खरी विश्रांति.

पण एक थकवा निराळा असतो. दाबाखालीं श्वास घेतांना रक्तांत व स्नायूंत नायट्रोजन वायु अधिक विरघळतो. फार खोल वा फार वेळ राहून घाईनें वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. म्हणून मिनिटास 9 मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, व पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, असा नियम आहे. श्रमाच्या मानानें फारच जास्त थकवा, सांध्यांत दुखणें, त्वचेवर डाग, हातापायांस मुंग्या, तोल जाणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास "बोट लागली असेल, झोंपला कीं उतरेल" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. शुद्ध प्राणवायु देऊन तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. घरच्या मंडळींनीं हें लक्षांत ठेवणें फार अगत्याचें आहे. कारण रुग्ण स्वतः बहुधा "कांहीं नाहीं, जरा दमलों" एवढेंच म्हणतो.

याच कारणास्तव एका बुडीनंतर निदान 12 तास, व अनेक बुड्यांनंतर 18 तास विमानांत बसूं नये. आपल्याकडे यांत घाटाचीही भर घातली पाहिजे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें 690 मीटर उंच आहे. सकाळीं बुडी मारून दुपारीं घाट चढून कोल्हापूर गांठण्याचा बेत पुष्कळांचा असतो. उथळ पाण्यांतील अल्पकाळच्या बुडींत धोका कमी हें खरें. तरी ती रात्र किनाऱ्यावरच काढणें शहाणपणाचें. थकलेल्या माणसानें रात्रीं घाटांत गाडी हांकूं नये, हा लाभ त्यांत वेगळाच.

मग जाऊंच नये काय? अवश्य जावें. मात्र निघण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी: पैसे भरले आहेत, मित्र हंसतील, म्हणून बरें नसतां पाण्यांत उतरूं नये. "आज मला बरें वाटत नाहीं" हें वाक्य बोटीवर मोठ्यानें उच्चारण्याची परवानगी घरांतूनच मिळालेली असावी. समुद्र उद्यांही तेथेंच असतो.