डोंगराच्या पोटातले

‘दुरून डोंगर साजरे’ असे आपण म्हणतो खरे. पण डोंगर जवळून पाहिला म्हणून त्याच्या पोटातले ओठावर येते असे थोडेच आहे? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळले ते एका एस. टी. चालकामुळे !

सह्याद्रीचा काळा कातळ वरवर वज्रासारखा. परंतु हजारो वर्षे ऊन-पाऊस खाऊन त्याच्या वरच्या थराचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पावसाचे पाणी तीतून झिरपत जाते आणि खालच्या अभंग कातळापाशी अडते. वरचा थर जड होतो, तळाशी पकड सुटते, आणि सारा उतार घसरतो. ही सीमा किती खोल आहे व तेथे ओल किती, हे समजले म्हणजे निम्मे कोडे सुटले.

न खणता ते समजावे कसे ? जमिनीत धातूच्या कांबी ठोकून त्यांतून वीज सोडतात. ओली माती ती सहज वाहू देते, कोरडा कातळ अडवतो. कांबींतले अंतर वाढवावे तसतसा अधिक खोलीचा ठाव लागतो. दुसरी तऱ्हा घणाची. पत्र्यावर घाव घालायचा आणि ओळीने मांडलेल्या यंत्रांपाशी हादरा केव्हा पोचला ते टिपायचे. सैल मातीतून तो सेकंदाला काही शे मीटर धावतो, अखंड कातळातून काही हजार. कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना !

अर्थात चिकणमाती कोणती आणि भेगांतले पाणी कोणते, हे वीज एकटी सांगत नाही. कोठे तरी भोक पाडून खात्री करावी लागते. दरडीचा दिवसही कळत नाही. पण घर कोठे नको आणि पाणी कोठून वळवावे, एवढे कळते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. धरण किंवा बोगदा बांधायचा तर अशी तपासणी आधी होते. वाडीसाठी ती कोण करणार? वास्तविक एका उताराचे हे काम थोड्या दिवसांचे, आणि कांबी, घण, यंत्रे माणसांना वाहून नेता येतात. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, पण पायवाट होती.